गांवचा चौक आणि साखळीचें उपाहारगृह

जिल्ह्याच्या गांवीं बाजारास आलेला माणूस नुसतीच खरेदी करून परत जात नाहीं. कचेरींतील अर्ज, दवाखान्यांतील खेप, मुलाच्या शाळेचा दाखला, सोयरिकीचीं बोलणीं, अशीं चार कामें तो एकाच खेपेंत उरकतो. आणि या चार कामांमध्यें केव्हां तरी त्यास भूक लागते. ही भूक तो कोठें भागवितो, कोणाच्या बाकावर बसून भागवितो आणि त्यासाठीं दिलेला पैसा पुढें कोणाच्या हातीं जातो, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी गांवच्या जीवनाशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड यांसारख्या गांवांच्या मुख्य चौकांत या प्रश्नास पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होतें: गांवच्याच कोणी तरी चालविलेलें हॉटेल, नाहीं तर त्यासमोर उभी असलेली हातगाडी. आतां दुसरें एक उत्तर दाराशीं आलें आहे. देशभर एकाच नांवानें, एकाच रंगाच्या पाटीनें आणि एकाच चवीनें चालणारीं पिझ्झा-बर्गरचीं साखळी-उपाहारगृहें मोठ्या शहरांत स्थिरावल्यावर जिल्ह्यांच्या गांवांकडे वळूं लागलीं आहेत. त्यांस गांवच्या मध्यवर्ती चौकांत जागा असावी कीं नसावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या प्रश्नावर दोन उत्तरें तोंडपाठ केल्यासारखीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हें परकें खाणें आपल्या मातींत नकोच. दुसरा म्हणतो, ज्यास आवडेल तो जाईल, ज्यास आवडणार नाहीं तो जाणार नाहीं. त्यांत चौकाचा काय संबंध? हीं दोन्हीं उत्तरें अपुरीं आहेत. परकेपणाचीच गोष्ट काढावयाची, तर बटाटा आणि मिरची या दोन्ही वस्तु अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या काळीं या देशांत आल्या. आणि चहा पिण्याची संवय तर विसाव्या शतकांत चहाच्या व्यापाऱ्यांनीं मोठ्या खटपटीनें लोकांस लावली. आज आलुबोंडा, मिरचीभजें आणि कपभर चहा यांस वऱ्हाडांत परकें कोण म्हणेल? तेव्हां पदार्थ कोठून आला एवढ्यावरून निवाडा करतां येत नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ताटापुरतें खरें आहे. परंतु ताट ठेवावयास जागा लागते, आणि चौकांतील जागा मोजकीच असते. एकानें ती घेतली म्हणजे दुसऱ्यास ती मिळत नाहीं. वादाचें मूळ येथें आहे.

साखळी-उपाहारगृह म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. केएफसी या अमेरिकन कंपनीचें भारतांतील पहिलें दुकान १९९५ सालीं बेंगळूरांत निघालें. पुढल्याच वर्षीं जानेवारींत डॉमिनोजचें दिल्लींत, आणि ऑक्टोबरांत मॅकडोनाल्ड्सचें दिल्ली व मुंबई येथें, अशीं दुकानें सुरू झालीं. मूळ कंपनी आपलें नांव, पाककृति आणि कामाची शिस्त वापरावयास देते. देशांतील दुसरी कंपनी भांडवल घालते, जागा घेते, नोकर नेमते आणि विक्रीचा ठरलेला वांटा मूळ कंपनीस पोंचविते. पीठ मध्यवर्ती भटारखान्यांत मळून थंड गाडींतून दुकानांत येतें. तळावयाच्या बटाट्याच्या फोडी गोठविलेल्या येतात. गुजरातेंत मेहसाणा येथें मॅककेन कंपनीचा त्यांचा मोठा कारखाना आहे. किती उष्णतेवर आणि किती मिनिटें भाजावयाचें, तें आधींच ठरलेलें असतें, म्हणून आचाऱ्याच्या हाताला चव असण्याचें कारण उरत नाहीं. दिल्लीस जी चव मिळते तीच नागपुरास मिळते. हा दोष नव्हे. हेंच त्या धंद्याचें वचन आहे आणि तें बहुधा पाळलें जातें. देशाच्या आवडीपुढें या कंपन्या वांकतातहि. मॅकडोनाल्ड्सनें येथें गोमांस व डुकराचें मांस वर्ज्य करून बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर काढला तो याच कारणानें. परंतु एखाद्या गांवासाठीं म्हणून त्यांस वांकतां येत नाहीं. गांवोगांवचा भेद नाहींसा करण्यावरच तो धंदा उभा आहे. असा धंदा गांवच्या अगदीं मध्यभागीं येऊं लागला, म्हणजे त्या मध्यभागाचें वेगळेपण कशांत आहे, हें पाहणें प्राप्त होतें.

यवतमाळचा बाजार एखाद्या राजवाड्याभोंवतीं वा किल्ल्याच्या दरवाजाशीं वसलेला नाहीं. तो कापसानें वसविला. इंग्रजी अमदानींत हा मुलूख प्रथम ‘वून’, म्हणजे वणी, या नांवाचा जिल्हा होता. १९०५ सालीं त्यास दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन यवतमाळ जिल्हा झाला. मूर्तिजापुराहून अरुंद रुळांची रेल्वे आली, सरकी काढण्याचे आणि गांठी बांधण्याचे कारखाने निघाले, आणि हंगामांत कापसाच्या गाड्यांची रीघ लागूं लागली. शेतकरी, अडत्या, हमाल, कचेरींतील कारकून आणि शिकावयास आलेला विद्यार्थी यांच्या येण्याजाण्यानें येथील चौक घडले, आणि त्यांच्या भुकेनें तेथील हॉटेलें उभीं राहिलीं. सकाळीं पोह्यांवर झणझणीत तर्री, दुपारीं आलुबोंडा, कचोरी, मिरचीभजीं, थंडीच्या दिवसांत सांभारवडी, हे तेथील पदार्थ. कोथिंबिरीस ‘सांभार’ म्हणणाऱ्या या मुलखाबाहेर सांभारवडी मागितली तर पुष्कळदां ऐकणारा बुचकळ्यांत पडतो. यवतमाळांत ‘बुढीचा चिवडा’ प्रसिद्ध आहे. त्या नांवांतच गांवानें एका पदार्थाशीं जोडलेला घरोबा दिसतो.

अशा हॉटेलाचें काम केवळ खाऊं घालण्याचें नसतें. खेड्याहून आलेला माणूस आपली पिशवी तेथें ठेवून कचेरींत जातो. एस. टी. केव्हां सुटणार तें तेथेंच विचारतो. एक चहा घेऊन तो अर्धा तास वर्तमानपत्र चाळीत बसला तरी त्यास कोणी उठवीत नाहीं. ओळखीच्या गिऱ्हाइकाचें खातें वहींत चढतें आणि कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर चुकतें होतें. ज्या जिल्ह्यांत बहुतेकांची शेती पावसावर अवलंबून आहे आणि पाऊस फिरला म्हणजे घरांत पैसा येत नाहीं, त्या जिल्ह्यांत या वहीचें मोल कमी नव्हे. २०१९ सालीं यवतमाळास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां त्याचें उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्तें झालें. जिल्ह्याच्या स्थितीविषयीं याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं. अशा जिल्ह्याच्या मुख्य बाजारांत खिशांत थोडेच पैसे असलेल्या माणसास बसावयास जागा असणें, ही चैनीची गोष्ट नव्हे.

आतां पैशाचा प्रवास पहावा. गांवच्या हॉटेलांतील सर्व जिन्नस गांवचाच असतो असा दावा कोणी केला तर तो खोटा ठरेल. पोहे धानाच्या मुलखांतून येतात, बटाटा परप्रांतांतून येतो, आणि तळणाचें तेल तर पुष्कळदां समुद्रापलीकडून आलेलें असतें. परंतु हॉटेलाचा नफा, आचाऱ्याचा पगार, दूधवाल्याचें बिल, किराणा दुकानदाराची उलाढाल हीं बहुतेक गांवांतच राहतात. हॉटेलवाला आपलें घर गांवांत बांधतो, आणि शाळेच्या खोलीसाठीं वर्गणी निघाली म्हणजे तिच्या यादींत त्याचें नांव असतें. साखळी-दुकानाच्या उत्पन्नांतून जागेचें भाडें आणि नोकरांचे पगार गांवांत उरतात. बाकीचा पैसा प्रथम देशांतील कंपनीकडे आणि त्याचा कांहीं भाग पुढें परदेशीं जातो. या व्यवहारांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. मात्र गांवानें तो डोळे उघडे ठेवून पहावा.

यवतमाळ जिल्ह्यास हा अनुभव नवा नाहीं. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थेखालीं सुरू झाली. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बनलेलें वाफेचें इंजिन ती गाडी १९९४ पर्यंत ओढीत होतें. देशांतील रेल्वेचें १९५१ सालीं राष्ट्रीयीकरण झालें, परंतु हा मार्ग त्यांतून सुटला, आणि स्वतंत्र भारताची रेल्वे त्याच्या वापराबद्दल खाजगी कंपनीस मोबदला देत राहिली. त्या गाडीनें जिल्ह्याचें हित केलें नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. गरिबाचें प्रवासाचें साधन तीच होती. पण रूळ येथील जमिनींत, डब्यांत येथील माणसें, आणि उत्पन्नाचा वांटा बाहेर, अशा व्यवस्थेंत मार्ग जीर्ण होत गेला आणि अखेर गाडी थांबली. बाहेरून येणाऱ्या धंद्यास दार लावावें असा याचा अर्थ नव्हे. जो धंदा गांवांतून पैसा नेतो तो गांवच्या जागेसाठीं काय ठेवून जातो, हें आधीं विचारावें, एवढाच बोध यांतून घ्यावयाचा आहे.

इतकें सांगितल्यावर तराजूचें दुसरें पारडें पाहिलें नाहीं तर तो न्याय होणार नाहीं. जुन्या हॉटेलांचें गुणगान करणारांस एका गोष्टीचा फार लवकर विसर पडतो. भारताच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत, दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासहि मज्जाव होतां कामा नये, असें स्पष्ट शब्दांत लिहावें लागलें. आणि असा मज्जाव करणें हा शिक्षेस पात्र अपराध आहे, असा कायदा १९५५ सालीं करावा लागला. ज्या देशाच्या घटनेंत हॉटेलाचें नांव घालावें लागलें, त्या देशांत चहाचा पेला किती काळ जातीनें वांटला गेला होता, हें निराळें सांगावयास नको. दाराबाहेर निराळी ठेवलेली कपबशी हेंहि एके काळीं ‘स्थानिक वैशिष्ट्य’च होतें. तेव्हां जें जुनें आणि गांवचें तें सर्व जपण्यासारखें, हें म्हणणें टिकत नाहीं.

स्त्रियांची गोष्टहि अशीच आहे. आजहि पुष्कळ गांवांत एकटी बाई हॉटेलांत शिरली तर चार माना तिच्याकडे वळतात. लेंकरास पाजावयास आडोसा नसतो, शौचाची सोय नसते, आणि असली तर ती वापरण्यासारखी नसते. परीक्षेसाठीं वा कॉलेजसाठीं खेड्यावरून आलेल्या मुली दोन बसगाड्यांच्या मधला वेळ कोठें काढतात, याची चौकशी हॉटेलवाल्यांनीं फारशी केलेली नाहीं. साखळींतील दुकानांत दर लिहिलेले असतात, टेबल पुसलेलें असतें, कोणी जात विचारीत नाहीं, आणि चार मैत्रिणी तासभर हंसत बसल्या तरी त्यांस कोणी हटकीत नाहीं. या मुली पिझ्झ्याच्या मोहानें तेथें जातात, असें म्हणून त्यांस नांवें ठेवणें सोपें आहे. पुष्कळदां त्या पिझ्झ्यासाठीं जात नसून निर्धास्तपणें बसावयास मिळतें म्हणून जातात, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोष कोणाचा तें कळतें.

आरोग्याच्या नांवानें तर गांवच्या हॉटेलानें साखळीवर बोट दाखवूं नये हेंच बरें. मैदा, चीज आणि गोड सरबत यांचा अतिरेक हितकर नाहींच. परंतु सकाळपासून तापत असलेल्या कढईंतील आलुबोंडा तरी कोठें पथ्याचा आहे? पुन्हां पुन्हां तापविल्यानें तळणाच्या तेलांत जे दूषित घटक वाढतात, त्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेल्यास तें तेल वापरूं नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून अमलांत आहे, आणि तो लहानमोठ्या सर्वांस लागू आहे. ज्यांचीं दहा किंवा अधिक ठिकाणीं दुकानें आहेत, त्यांनीं पदार्थाची उष्मांक-संख्या दरपत्रकावर लिहावी असाहि नियम आहे. साखळ्यांवरील ही सक्ति योग्यच आहे. पण कढईंतील तेल वेळेवर बदलण्यास गांवच्या हॉटेलवाल्यानें सक्तीची वाट कशास पहावी?

मग साखळी-दुकानांस चौकांत हरकत कशाची? हरकत पदार्थाची नव्हे. भाड्याची व जागेची आहे. मोठ्या कंपनीस दर्शनी जागेचें जबर भाडें कित्येक वर्षांच्या करारानें देतां येतें, कारण एका दुकानांतील तोटा दुसऱ्या शंभर दुकानांच्या नफ्यांत भरून निघतो. गांवच्या हॉटेलवाल्यास एकच दुकान असतें आणि त्यावरच त्याचें घर चालतें. एका गाळ्याचें भाडें असें चढलें म्हणजे शेजारचा घरमालकहि तोच आंकडा बोलूं लागतो. जुने भाडेकरी एकेक करून मागल्या गल्लींत जातात. मग नव्या दुकानासमोर मोटारी उभ्या करावयास जागा पाहिजे म्हणून हातगाड्या हलविल्या जातात. आणि शोभा वाढविण्याच्या नांवाखालीं बाकेंहि उचललीं जातात. एक दुकान आल्यानें चौक बदलत नाहीं. परंतु त्याच्या भाड्याचा आंकडा सर्व चौकाचा भाव ठरवूं लागला म्हणजे तो बदलल्याशिवाय राहत नाहीं. नव्या दुकानांत जात विचारीत नाहींत हें खरें, पण खिसा विचारतात. आणि बाजारास आलेल्या ज्या माणसाजवळ केवळ चहापुरते पैसे आहेत, त्यास तेथें शिरण्याचा धीरच होत नाहीं. ज्या चौकास त्यानें आपल्या कापसानें मोठें केलें, त्याच चौकांत तो अशा रीतीनें उपरा ठरतो.

यावर इतर ठिकाणीं काय उपाय झाले, तें पाहण्यासारखें आहे. रोम शहरांत प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ १९८६ सालीं मॅकडोनाल्ड्सचें दुकान निघालें, तेव्हां मोठा विरोध झाला. तें दुकान कांहीं त्या विरोधानें टळलें नाहीं. परंतु कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकारानें इटलींत आपल्या गांवच्या पदार्थांची, ते पिकविणारांची आणि रांधणारांची कदर करणारी ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली व १९८९ सालीं पॅरिस येथें तिचा जाहीरनामा निघाला. २०१६ सालीं फ्लोरेन्सच्या नगरपालिकेनें आपल्या मुख्य प्रार्थनामंदिराच्या चौकांत त्याच कंपनीस परवानगी नाकारली. कंपनी न्यायालयांत गेली तरी नगरपालिका डगमगली नाहीं. उलट बेंगळूरांत १९९६ च्या जानेवारींत केएफसीच्या दुकानाची मोडतोड झाली. तिनें ती कंपनी या देशांतून गेली नाहीं. आज तिचीं दुकानें देशभर आहेत. नियमानें जें साधतें तें दगडानें साधत नाहीं, हें या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतें.

आपल्या राज्यांतील अनुभवहि शिकण्यासारखा आहे. मुंबईसाठीं १९९५ सालीं वारसा-इमारतींचे नियम झाले. ते इमारतीचा दर्शनी भाग सांभाळतात, आंत कोण बसतो याकडे पाहत नाहींत. २०२२ सालीं कायदा दुरुस्त होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांस मराठी पाटी सक्तीची झाली. तें उचितच झालें. तथापि पाटीवरील अक्षर मराठी झाल्यानें गल्ल्यांतील पैसा गांवांत राहत नाहीं. १९९५ सालींच राज्य सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली व मोक्याच्या जागीं केंद्रें उभीं केलीं. कांहीं वर्षांतच योजना बंद पडली, आणि कित्येक ठिकाणीं त्याच टपऱ्यांतून निराळेच पदार्थ विकले जाऊं लागले. सरकारी हुकुमानें आणि तोट्याच्या दरानें कोणताहि पदार्थ टिकत नाहीं. उलट दादर स्थानकाबाहेर १९६६ सालीं अशोक वैद्य यांनीं विकावयास घेतलेला वडापाव कोणाच्या अनुदानाशिवाय राज्यभर गेला, आणि २००१ सालीं मुंबईंत ‘जंबोकिंग’नें त्याचीच साखळी केली. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवची कचोरीहि अशीच रेल्वे स्थानकावरून गांवोगांव पोंचली. यावरून आणखी एक गोष्ट ठरते. साखळी केवळ परदेशीच असते असें नाहीं. म्हणून चौकासाठीं जो नियम करावयाचा तो परदेशी-स्वदेशी असा भेद न करतां सर्व साखळ्यांस सारखाच लागू झाला पाहिजे. नाहीं तर तो नियम न राहतां नुसता राग ठरेल.

तर मग निर्णय काय? साखळी-उपाहारगृहांस जिल्ह्यांत जागा असावी. परंतु जुन्या बाजाराच्या गाभ्यांत नसावी. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्यापाशीं, शहरांच्या नव्या रुंद रस्त्यांवर, नव्या वसाहतींत त्यांनीं खुशाल यावें. तेथें त्यांच्यामुळें कोणाचें बूड हालत नाहीं, प्रवाशांची सोय होते आणि गांवच्या मुलांस नोकऱ्या मिळतात. मध्यवर्ती बाजारांतील खाजगी इमारतींत त्यांस सरसकट मनाई करणें नगरपरिषदेस कायद्यानें कठीण आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण पायवाट मोकळी ठेवणें, मोटारींची सोय स्वतःच्या आवारांत करणें, कचऱ्याची विल्हेवाट लावणें, हे नियम तिनें काटेकोरपणें पाळून घेतले तरी पुष्कळ काम होईल. आणि जे गाळे वा जी जमीन नगरपरिषदेच्या स्वतःच्या मालकीची आहे, ती देतांना केवळ सर्वांत मोठी बोली हेंच माप न लावतां, स्वतः उभा राहून धंदा करणाऱ्या व गाळा दुसऱ्यास परभारें न देणाऱ्या माणसास प्राधान्य देण्याच्या अटी कायद्याच्या चौकटींत घालतां येतील. अशानें भाड्याचें उत्पन्न थोडें घटेल. तो बाजार जिवंत ठेवण्याचा खर्च समजावा.

हातगाडीवाल्यांसाठीं तर कायदा तयारच आहे. तो वापरण्याची इच्छा मात्र पाहिजे. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा सांगतो कीं, दर पांच वर्षांनीं निदान एकदां विक्रेत्यांची मोजणी व्हावी, ती होईपर्यंत कोणास उठवूं नये, आणि नगर-विक्रेता समितींत शेंकडा ४० पेक्षां कमी नाहींत इतके सभासद स्वतः विक्रेते असावे व त्यांपैकीं एक तृतीयांश स्त्रिया असाव्या. त्याच कायद्यांत अशीहि तरतूद आहे कीं, जेथें पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते धंदा करीत आले आहेत असा बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर व्हावा आणि तेथील विक्रेत्यांस दुसरीकडे हलवूं नये. जिल्ह्यांतील किती तरी गांवांचे बाजार पन्नास वर्षांहून जुने आहेत. स्थानिक वैशिष्ट्य राखण्याचा याहून सरळ उपाय दुसरा नाहीं, कारण यांत दगडविटांबरोबर माणसांसहि वारसा मानलें आहे. यासाठीं नागरिकांनीं आपल्या नगरपरिषदेकडे लेखी मागणी केली पाहिजे. गांव करी तें राव न करी, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

परंतु गांवानें हॉटेलवाल्याची पाठराखण करावयाची, तर हॉटेलवाल्यानेंहि गांवाचें ऋण ओळखलें पाहिजे. दरांची पाटी दर्शनी लावावी. प्यावयाचें पाणी झांकलेलें असावें. स्त्रियांस संकोच न वाटतां बसतां येईल अशीं बाकें समोरच्या उजेडांतच ठेवावीं. त्यांस पडद्याआड कोंडूं नये. शौचाची सोय एकट्यास परवडत नसेल तर चार शेजाऱ्यांनीं मिळून ती करावी व नगरपरिषदेनें त्यांत हातभार लावावा. कपबशी सर्वांस एकच असावी, आणि टेबल पुसणारा पोर शाळेच्या वयाचा नसावा. यांतील एकाहि गोष्टीस परदेशी भांडवल लागत नाहीं. ज्या दिवशीं खेड्यावरून आलेली मुलगी आपल्या आईस घेऊन निर्धास्तपणें गांवच्या हॉटेलांत पोहे-तर्री मागूं शकेल, त्या दिवशीं साखळी-दुकानाच्या पुष्कळशा आकर्षणाचें कारणच नाहींसें होईल.

विलंब करून मात्र चालणार नाहीं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद रुळांच्या मार्गाचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला आहे. पुढें हा मार्ग यवतमाळास येऊन मिळावयाचा आहे. नवें स्थानक आलें म्हणजे नवा रस्ता येतो, नव्या रस्त्याबरोबर नवीं दुकानें येतात, आणि जमिनीचे भाव चढतात. शंभर वर्षांपूर्वीं अरुंद रुळांच्या गाडीनें हा बाजार मोठा केला, तेव्हां त्याची आंखणी कापसाच्या व्यापारानें ठरविली. या वेळीं ती ठरविण्याचा अधिकार आणि कायदा दोन्ही गांवच्या हातीं आहेत. मोठ्या दुकानांसाठीं नव्या रस्त्यावर जागा राखावी, आणि जुन्या चौकांतील बाक बाजारास येणाऱ्या माणसासाठीं राखावें. हा ठराव भाडेपट्टे होण्यापूर्वीं झाला तरच त्याचा उपयोग आहे.